फळ्यावर कालचं आभाळ

येडशी
२ मार्च २०२६

प्रिय शिवराज,

तुला सलाम, आणि रामलिंगाच्या डोंगराकडून रामराम. कागदाचं पत्र बघून तू आधी पाकीट उलटसुलट करशील, हे मला इथं बसून दिसतंय. पण फोनवर आपण गेल्या एप्रिलपासून "बरं हाय का" आणि "बरं हाय" यापुढं गेलोच नाही, म्हणून लिहायला बसलो. तू लिहिलेला आणि तूच बंद केलेला हवामानाचा 'आभाळ' प्रोग्रॅम परत चालू व्हावा एवढी माझी इच्छा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

इकडं सगळं खुशाल आहे. रोजे सुरू आहेत, ऊन अजून सोसवतंय. अब्बांना या वर्षी डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणून सांगितलं, तर ते रुसून आमच्याआधी पहाटेच्या जेवणाला, सहरीला, उठून बसतात. दुकानात झेरॉक्स, फॉर्म, हॉल तिकिटं, नेहमीचंच. तू प्रोग्रॅम बंद केलास तरी दाराबाहेरचा फळा मी उतरवला नाही. फजरची नमाज झाली की शटर उघडतो, कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करतो आणि दिवसाचं हवामान खडूनं लिहितो. फक्त आता दुसऱ्यांची साधनं वापरावी लागतात.

त्या निमित्तानं हिवाळाभर एक उद्योग केला. जगभरच्या लोकांनी फुकट आणि उघडी ठेवलेली हवामानाची साधनं एकेक लावून बघितली आणि दोनशे पानी वहीत लिहीत गेलो. एक साधन अक्षरांनीच ढग काढतं, खाली तिरक्या रेघांचा पाऊस. अब्बांना ते लई आवडलं, पण फळ्यावर उतरवताना माझे ढग वांग्यासारखे येतात. दुसरं एका ओळीत तापमान आणि वारा सांगून मोकळं होतं. त्यावर अब्बा म्हणाले, "हे तर तलाठ्यावानी बोलतंय." मग आतल्या लायब्रऱ्यांकडं वळलो, म्हणजे प्रोग्रॅमच्या वतीनं इंटरनेटवर जाऊन उत्तर आणणाऱ्या निरोप्यांकडं. तुला हे शिकवायला नको, पण माझ्या भाषेत ऐक. रिक्वेस्ट्स नावाच्या निरोप्याला मुदत सांगितली नाही तर तो समोरच्याच्या दारात बसूनच राहतो. मी स्टेशनवर चहा पिऊन आलो तरी पडदा तसाच. कर्लला वेगळं बजावलं नाही तर समोरून चुकीचं पान आलं तरी तेच निमूट आणून हातात ठेवतो. आणि तू निवडलेला एचटीटीपीएक्स पाच सेकंद वाट बघतो आणि उत्तर आलं नाही म्हणून स्पष्ट सांगतो. तिघंही आपापल्या जागी गुणाचे आहेत. तरी वहीच्या शेवटच्या पानावर मी तुझ्या निवडीपुढं बरोबरची खूण केली.

त्या पाच सेकंदांवर मी एके काळी किती चिडायचो! सकाळी इथं नेट रांगत चालतं. आठवड्यातले दोन-तीन दिवस पडद्यावर "उत्तर आलं नाही" एवढंच यायचं आणि फळा कोरा राहायचा. चहावाला मोठ्यानं विचारायचा, "अक्रमभाई, आज आभाळाला सुट्टी व्हय?" सगळे हसायचे, मीही हसायचो. पण लोक आपल्या फळ्याकडं बघून दिवस ठरवतात याची मला तोवर चटक लागली होती. कोरा फळा सहन व्हायचा नाही.

तो एप्रिलचा दिवस तुलाही आठवत असेल. द्वारकामावशी आणि तिच्या गटातल्या बायकांनी लग्नाच्या ऑर्डरीसाठी तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून मारुतीच्या पारापासून शाळेच्या भिंतीपर्यंत कुरडया घातल्या होत्या. फळ्यावर होतं, आभाळ निरभ्र. दुपारी डोंगरामागून ढग आले आणि अर्ध्या तासात सगळ्या कुरडयांची परत खीर झाली. मावशी भिजल्या पदरानं दुकानासमोर येऊन म्हणाली, "तुज्या फळ्यावर ऊन अन् माज्या कुरडयांवर पाऊस. आता फळ्यावरच वाळवू का रं?" मी तुला फोन लावला. तू रविवारी पुण्याहून आलास आणि तिच्या अंगणात हात जोडून म्हणालास, "मावशी, माझ्याच लिहिण्यात कुठंतरी चूक असणार." नंतर आठ दिवस तू ती चूक शोधत होतास. ती सापडली नाही म्हणून आणखी घाबरलास. जी दिसत नाही ती उद्या पुन्हा कुणाची तरी मेहनत भिजवील, असं म्हणून तू प्रोग्रॅमच काढून घेतलास. अंगणात मी तुझ्याशेजारीच उभा होतो.

शिवराज, चूक तुझ्या लिहिण्यात नव्हतीच. ती माझ्या मशीनवर होती. त्याच्या पंधरा दिवस आधी मी तुझ्या प्रोग्रॅमच्या माझ्याकडच्या प्रतीत दोन ओळी घातल्या होत्या: उत्तर आलं नाही तर शेवटचं आलेलं उत्तर दाखव. फळा कोरा राहू नये, बस, एवढ्यासाठी. तुला कळवलं नाही. त्या सकाळी पडद्यावर आलं ते आदल्या दिवसाचं आभाळ होतं, आणि त्यावर आजची तारीख मी माझ्या हातानं घातली. जे पाहिलं नाही त्याची ग्वाही देऊ नये, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पहिल्या रोज्याच्या दिवशी नमाजेत ते अंगण डोळ्यांपुढून हलेना. उठलो आणि आधी मावशीकडं गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गहू निवडता निवडता म्हणाली, "मला तवाच ठावं होतं. त्यो पुण्यात, अन् खडू तुज्या हातात. तू कवा बोलतूस तेच बघत होते. आता त्याला सांग, अन् ह्या साली कुरडया कवा घालायच्या तेबी इचार." गेले दहा दिवस माझ्या मनाला जी शांतता आहे ती तिच्या या बोलण्याची आहे. तुला सांगणं तेवढं राहिलं होतं. त्या दोन ओळी सोबतच्या कागदावर लिहून जोडल्या आहेत. माझ्या मशीनवर राहिलेल्या जुन्या प्रतीतून त्या मी काढल्या. आता उत्तर आलं नाही तर फळ्यावर तसंच लिहितो, आणि खाली, "डोंगराकडं बघा." चहावाला हसत नाही, बघतो. प्रोग्रॅम परत उघडायचा का आणि माझ्याशी पहिल्यासारखं बोलायचं का, हे तू ठरव. पाच सेकंदांची मुदत या पत्राला नाही. मी तुझ्या दारात बसून आहे.

तुझाच,
अक्रम