काठातला पिवळा धागा

अप्पा, बारशाला सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांगा बघू? व्याही नव्हेत, विहीणबाई नव्हेत, तर समोरची पानवाली चाची. घुगऱ्या अजून चुलीवर, पाळण्याला फुलं बांधायची राहिलेली, आणि ही दारात उभी. "मैं पयले आई, याद रख. बाकीच्यांना मागनं वाढ." आत येऊन तिनं पोरीच्या गालाला काजळाचं बोट लावलं आणि वर मलाच बोलली, "बुढ्ढी, तू इतना हसती तो तेरेकू नजर लगेगी." लागू दे की! पोर बारा दिवसांची, पण मुठीत बोट दिलं की सोडत नाही. आणि नाक तुमचं, अप्पा, अगदी तुमचं, मागावरच्या धोट्याच्या टोकासारखं पुढं आलेलं. सूनबाई म्हणते, "आई, पोरीच्या जातीला असलं नाक?" मी म्हटलं, "असू दे. लोकांत उठून दिसंल." सात महिन्यांनी या घरात कुणी हसलं होतं. गल्लीतल्या बायका वळून बघत होत्या, ही हसते कशी, म्हणून.

सात महिन्यांचं तुम्हाला कुठून ठाऊक असणार, तुम्हाला जाऊनच तीस वर्षं होत आली. तुमचा नातू, माझा एकुलता लेक, आपल्या मागावरच्या चादरींचं गाठोडं घेऊन रेल्वेनं विकायला निघाला होता. डब्यात कुणीतरी बॉम्ब ठेवला होता. घातपात, असं पेपरात छापून आलं. त्यात तो गेला. सुनेला तेव्हा दुसरा महिना. मग एक मंत्री आले, मागं मोटारींची रांग. माझ्यापुढं हात जोडले, पण बघत होते फोटो काढणाऱ्याकडं. "कुणाचीही गय करणार नाही," म्हणाले. चौकशी बसवली. ती जी बसली ती अजून उठायचं नाव नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, मला काय मोठं विचारायचं आहे? त्याच डब्यातनं वाचलेले एक मास्तर होते. हात गळ्यात बांधलेला, तसेच घर शोधत आले आणि सांगून गेले, की आदल्या स्टेशनावर त्यांनी स्वतः गार्डाला सांगितलं होतं, बाकाखाली बेवारस गाठोडं आहे, बघून घ्या. गार्ड म्हणाला, पुढच्या स्टेशनात बघू. आणि गाडी सोडली. का सोडली? एवढंच विचारते मी. गार्डाला कुणी बोलावलं का? मास्तरांनी जबाब लिहून दिला, तो कुठं आहे? एका कचेरीत गेले, तर म्हणाले हे आमच्याकडं येत नाही. दुसरीत गेले, तर साहेब दौऱ्यावर. तिसरीतला कारकून पान चघळत म्हणाला, "आजी, हे दिल्लीचं काम." दिल्ली काय नवी पेठेच्या पलीकडं आहे, चालत जायला? आणि वर हे ऐका. बॉम्ब म्हणे सोलापुरी चादरीत गुंडाळला होता. आणि आपल्या पोराजवळ सोलापुरी चादरी होत्या. म्हणून त्याच्या नावापुढं लिहिलंय, संशयित. अहो, निम्म्या देशाच्या अंगावर सोलापुरी चादर आहे, सगळ्यांच्या नावापुढं लिहा की मग! जो उठून उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याच नावापुढं बरं लिहिता येतं.

तर बारशाच्या ऐन गर्दीत, पोरीच्या कानात नाव सांगायचं चाललेलं, आणि दारात चौकशीचे एक साहेब आणि एक कारकून. बायकांनी पदर सावरले. मी म्हटलं, पाहुणे म्हणून आलात, बसा, घुगऱ्या घ्या. साहेबांनी वाटी बाजूला ठेवली आणि पाकिटातनं हाताच्या पंजाएवढा कापडाचा तुकडा काढला, एका अंगानं जळलेला. "आजी, ही चादर तुमच्या मागावरची का?"

मी उजेडात धरला. काठ शाबूत होता. तांबडा, नुसता तांबडा. अप्पा, माझ्या अंगात वीजच शिरली. तुमची रीत मला ठाऊक आहे की. काठ बांधताना तांबड्यात एक पिवळा धागा घालायचा. व्यापाऱ्यानं चार घरचा माल एकत्र केला तरी आपली चादर आपल्याला कळावी. तुम्ही म्हणायचा, आपलं लेकरू जत्रेत ओळखता आलं पाहिजे. आजपर्यंत या घरातनं पिवळ्याशिवाय चादर बाहेर गेलेली नाही. "न्हाय!" मी ओरडलेच. "आमची न्हाय ही! ह्यात पिवळा कुटं हाय?"

मागावरची अर्धी चादर दाखवली. साहेब म्हणाले, "ही आत्ताची. आधीची एखादी आहे?" आणि मी, आनंदानं खुळी झालेली, पाळण्याकडं पळाले. पोरीच्या अंगाखालची चादर ओढली आणि साहेबांच्या हातात दिली. "ही घ्या. चाळीस वर्षांपूर्वीची. माझ्या बापाच्या मागावरची." पोरीनं ती ओली केलेली होती. साहेबांनी हात झटकले, बायका पदराआड हसल्या, मीही हसले. मग साहेबांनी दोन बोटांनी काठ उलगडला आणि म्हणाले, "आजी, यात तरी कुठं आहे पिवळा?"

मी काय केलं होतं ते तेव्हा ध्यानात आलं. मी बारा वर्षांची होते. मागावर ताण्याचे उभे धागे बांधायला तुम्ही मला बसवलं, काठाचा पिवळा घालायचं काम माझं. बाहेर अस्वलवाला आला होता. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि पिवळा राहिला. पहिली चादर उतरली तेव्हा तुम्हाला दिसलं. तुम्ही मारलं नाहीत. नुसतं म्हणालात, "उद्या कुणी विचारलं, ही कुणाची, तर काय सांगशील?" मग स्वतः बसून उरलेल्या ताण्यात पिवळा भरलात. ती एक चादर मात्र विकली नाहीत. माझ्या लग्नात माझ्या पेटीत घातलीत आणि म्हणालात, "तुझी चूक तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे." ती मी जीव लावून जपली. आणि तीच काढून त्यांच्या हातात दिली.

साहेब बोलत गेले, कारकून लिहीत गेला. मी म्हटलं, द्या इकडं, वाचते. एकेक अक्षर लावून वाचलं. लिहिलं होतं, या घरात पिवळ्या धाग्याविनाही चादरी विणतात. चादरी! "अवो, एकच हाय ती!" साहेब म्हणाले, "अर्थ एकच आहे, सही करा." मी म्हटलं, "एक आन् लई, एकच कसं?" सही केली नाही. मग म्हणाले, चादर पुराव्याला न्यावी लागेल. तेव्हा सूनबाई उठली. बारा दिवसांची बाळंतीण, कुणापुढं बोलायची नाही, तिनं चादर त्यांच्या हातातनं ओढून घेतली. "सात म्हयन्यात गार्डाला एक प्रश्न विचारला न्हाई तुमी. आन् माज्या लेकराखालची चादर नेता? आधी त्येला आणा हितं, माज्यासमोर." चाचीनं दारातनं सुनावलं, "सुना साहब? बच्ची का मूत तुम्हारे हाथ कू लगा, वही पुरावा ले जाओ."

गेले. पण अप्पा, मधली एक गोष्ट मी वगळली. साहेबांनी पिवळा कुठं आहे विचारलं, तेव्हा सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "बापाकडनं ऱ्हायला असंल, म्हातारपणी दिसत नव्हतं." तुम्हाला शेवटपर्यंत सुईत दोरा ओवता येत होता. जो उत्तर द्यायला नाही त्याच्याच नावावर मीही ढकललं, आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

तुम्हाला लिहिलेला हा कागद त्या चादरीच्या घडीत ठेवते आहे, चादर उलगडणाऱ्याला आधी हा वाचावा लागंल. पंच घेऊन, नवा जबाब घेऊन गुरुवारी सकाळी परत येतो म्हणालेत.