सायकलीचं चेनकव्हर

अण्णा, काल खंडेनवमी होती आणि मी नारळ फोडला नाही. तुम्ही असता तर भर कारखान्यात माझ्या थोबाडीत दिली असती. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी नारळ हातात आल्यावर पहिल्यांदा तुमचाच चेहरा समोर आला. म्हणून लिहायला बसलो आहे. दवाखान्यातल्या मॅडमनी लिहायला सांगितलेलं नाही, तुमच्या सुनेनंही नाही. मला तुमचा राग आला आहे. गेले पाच महिने तो मी तिच्यावर आणि पोरीवर काढत होतो. आता ज्याचा त्याला देतो.

मे महिन्यात माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं, दोन्ही दुसऱ्या पेरापासून. शाळा उघडायच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्याकडे युनिफॉर्मची घाई, ती तुम्ही पाहिलेली आहे. टेबलावर खाकी कापडाचे थर, माझ्या उजव्या हातात कटिंग मशीन आणि कापड दाबून धरायला डावा हात. त्या डाव्या हातात स्टीलच्या जाळीचा मोजा घालायचा असतो. आमच्या कारखान्यात तसा एकच होता आणि तो संक्रांतीपासून बोटांपाशी फाटलेला होता. मी मॅनेजरला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, बघू. मी फाटका मोजा काढून ठेवला आणि उघड्या हातानं कापत राहिलो. बोटं गेल्यावर तिसऱ्या दिवशी मॅनेजर दवाखान्यात आला, कागद घेऊन. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात, असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. त्यानं पेन पुढं करायच्या आधी मी पडल्या पडल्या म्हणालो, "माझं चुकलं, साहेब." आणि सही केली. उजवा हात शाबूत होता ना.

हे शब्द माझ्या तोंडी कुणी घातले, अण्णा? तुम्ही गिरणीत जॉबर होतात, कामगारांवरचे मुकादम. तुमच्या खात्यात कुणाला लागलं, की बरा होऊन आल्यावर पहिल्या दिवशी त्याला मशीनपुढं उभा करायचा, हातात नारळ द्यायचा आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणायला लावायचं, माझं चुकलं. मशीन म्हणजे लक्ष्मी, ती कधी चुकत नाही, चुकतो माणूस. हे तुम्ही घरी जेवताना इतक्या अभिमानानं सांगायचात की आई भाकरी थापायची थांबायची. एका माणसाचा पंजा मशीनच्या पट्ट्यात सापडला होता. त्यानं उरलेल्या एका हातानं नारळ आपटला, तो दोनदा फुटला नाही, आणि लोक हसले, असं तुम्ही सांगितलंत. आम्हीही हसलो. मी नऊ वर्षांचा होतो. गिरणी बंद पडली, तुम्ही देगाव रस्त्यावर रखवालदारी केलीत, पण जॉबरपणा गेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही.

मी कटिंग मास्तर झालो त्या दिवशी तुम्ही मला मोठी कातर दिलीत, नव्या फडक्यात गुंडाळून. वर म्हणालात, "हिला कधी दोष देऊ नगंस." मी ते इतकं मनावर घेतलं की नारळाची पद्धत आमच्या कारखान्यात मीच सुरू केली. मॅनेजरला ती फार आवडली. का आवडणार नाही?

जखम भरली. हात वळायला लागला. पण जूनमध्ये एका सकाळी मी जेवायला बसलो होतो आणि तुमच्या सुनेनं मागं मिक्सर लावला, शेंगाची चटणी करायला. पुढचं मला आठवत नाही. मी भानावर आलो तेव्हा गल्लीच्या टोकाला उभा होतो, अनवाणी, हातात ताट तसंच, आणि पोरगी माझा शर्ट धरून रडत होती. त्या दिवसापासून घरात मिक्सर बंद. तुमची सून खलबत्त्यात चटणी कुटायची आणि कुटायच्या आधीही "आवाज करतेय" म्हणून सांगायची. मी तिच्यावरच ओरडायचो. आवाज सहन होत नाही म्हणून ओरडायचो आणि ती सांभाळून घेते म्हणूनही ओरडायचो. नसलेल्या बोटांना खाज सुटायची, ती कुठं खाजवणार?

हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या पोरानंच मला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मंद्रूपच्या काकांना कळलं तसे ते एसटीनं आले. तुमचेच भाऊ. म्हणाले, "येड्याच्या दवाखान्यात जातोस व्हय? सोयरेधायरे काय म्हनतील? पोरीचं लग्न व्हायचं हाय." मी दोन वेळा गेलो नाही. तिसऱ्या वेळी तुमची सून माझा केसपेपर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही चला नाहीतर मी एकटी जाऊन बसते तिथं, मलाही आता लागेल. मग गेलो.

डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि दर बुधवारी एका मॅडमकडे बसायला सांगितलं. आपल्या पोरीपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असेल ती. मला वाटलं, उपदेश करेल. तिनं पहिले दोन बुधवार फक्त ऐकून घेतलं. मग कटिंग मशीनचा आवाज मोबाइलवर मागवला आणि अगदी बारीक करून लावला, दहा मोजेपर्यंत. पाय जमिनीला टेकवा, खुर्ची धरा, भीती दहापैकी किती ते सांगा. मी म्हणालो, बारा. ती हसली नाही, तिनं बारा लिहून घेतलं. पुढच्या बुधवारी वीस मोजेपर्यंत. घरी मिक्सर मी स्वतः लावायचा, बटण माझ्या हातात, हवं तेव्हा बंद करायचा. आधी रिकामं भांडं. श्रावणात एकदा मी पूर्ण चटणी वाटली. जाडी भरडी झाली, पण तुमच्या सुनेनं कौतुकानं शेजारी वाटीभर दिली.

त्याच सुमाराला मी मॅडमना तुमची गोष्ट सांगितली. म्हणजे शिस्तीची गोष्ट म्हणून, कौतुकानंच. की मी नऊ वर्षांचा असताना उलट्या ठेवलेल्या सायकलीचं पायडल फिरवत होतो आणि बोट चेनमध्ये गेलं. तुम्ही धावत आलात. आधी चेन पुसलीत, मग माझ्या बोटावर हळद दाबलीत आणि सायकलीला कुंकू लावलंत. मी बोंबलत होतो. तुम्ही माझं मुंडकं धरून वाकवलंत आणि म्हणालात, "पाया पड तिच्या. म्हन, माजं चुकलं." मी म्हणालो. मॅडमनी सगळं ऐकलं आणि सहज विचारलं, "सायकलीला चेनकव्हर नव्हतं का?"

मी म्हणालो, होतं, पण ते वाजायचं म्हणून अण्णांनी आठ दिवसांपूर्वीच काढून ठेवलं होतं. एकोणचाळीस वर्षं ही गोष्ट मी सांगतो आहे, अण्णा. लग्नात सांगितली आहे, कारखान्यात सांगितली आहे. चेनकव्हर तुम्ही काढलं होतं हे मला माहीत होतं, पण ते त्या गोष्टीत कधी आलंच नाही. त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर आणखी एक आठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चेनकव्हर परत बसवलेलं होतं. कुणी काही बोललं नाही. आई बोलली नाही, तुम्ही तर नाहीच.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कळलं नसतं तर मी सोडून दिलं असतं, म्हणालो असतो की अडाणी होते, त्यांचा काळ वेगळा होता. पण तुम्ही गुपचूप पाना घेऊन बसलात, नट आवळलेत आणि कामावर निघून गेलात. माझ्या तोंडातला शब्द मात्र परत घेतला नाहीत. तो तसाच राहिला आणि दवाखान्यातल्या खाटेवर मॅनेजरच्या उपयोगी पडला. गिरणीतल्या त्या पंजा गेलेल्या माणसाच्या पट्ट्यावर झाकण होतं का, अण्णा? नारळ फोडून घेण्याआधी तुम्ही कधी बघितलंत? मला वाटतं, बघितलंत. मॅडमनी विचारलं तर दहापैकी दहा सांगेन, पण ही भीती नाही, राग आहे.

परवा मॅनेजरचा फोन आला. डॉक्टरांनी हलक्या कामाला परवानगी दिलीच आहे तर खंडेनवमीला या, चांगला दिवस आहे, तुमच्या पद्धतीनं नारळ फोडा आणि दसऱ्यापासून सुरू करा. मी गेलो. मशीनला झेंडूचा हार होता, पात्याला कुंकू. बंद मशीनपाशी मी पाय टेकवून उभा राहिलो, घाम आला, पण उभा राहिलो. टेबलापलीकडे माझ्या हाताखाली कटिंग शिकलेली बाई होती. तिच्या घरी तेलुगू बोलतात, पण ती आमच्यात दहा वर्षं आहे. मी नसताना तीच हे मशीन चालवते, उघड्या हातानं. तिचा डावा हात टेबलावर होता, पाची बोटं. मॅनेजरनं नारळ माझ्या हातात दिला. पुन्हा ते शब्द म्हणालो असतो तर मोजा कधीच आला नसता आणि मी बुधवारी त्या खुर्चीत जाऊन काय सांगितलं असतं?

मी नारळ टेबलावर ठेवला. म्हणालो, "माझं चुकलं नाही. मोजा फाटला होता. नवा येईपर्यंत मी नारळ फोडणार नाही आणि मशीनही लावणार नाही." सगळ्यांना ऐकू गेलं. मॅनेजर म्हणाला, दिवाळीनंतर बघू. तेव्हा त्या बाईनं हात पुसले आणि ती म्हणाली, मग मीपण दिवाळीनंतरच. तो फोन कानाला लावून बाहेर गेला. मोजा येतो की आम्ही दोघं घरी बसतो, ते अजून कळलेलं नाही.

इथपर्यंत लिहिताना छाती फुगली होती, अण्णा. पण पुढचं लिहिलं नाही तर मीही चेनकव्हरची गोष्ट लपवल्यासारखं होईल. सगळे पांगल्यावर ती बाई माझ्याजवळ आली. चार वर्षांपूर्वी ती बटणाच्या मशीनवर असताना सुई तिच्या अंगठ्यातून आरपार गेली होती. त्या मशीनची बोटाआडची पट्टी तुटलेली होती आणि ते मला माहीत होतं. नंतर मीच ती गुपचूप बदलून घेतली. ती रागानं बोलली नाही, प्रसादाची ताटली हातात धरून साधंच विचारल्यासारखं म्हणाली, "माझ्या येळंला तुमीच नारळ दिला की हातात, मास्तर. मला का म्हनाय लावलंत?"

मला तिथंच सांगता आलं असतं. मॅनेजरपुढं, सायकलीपुढं जे शब्द पटकन आले, तेच दोन शब्द तिच्यापुढं म्हणायचे होते. मी ताटलीतला पेढा उचलला, छान आहे म्हणालो आणि निघून आलो.