टोपणरावांचं न उघडलेलं खोकं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा (तोच, बाहुल्यांवाला) वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? टाके निघाले, पण तू अजून जिना बसून उतरतेस, असं तुझ्या मुलाने फोनवर सांगितलं. तो परगावी, तू तिसऱ्या मजल्यावर एकटी, आणि माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर तुझा निरोप आला की, "त्याच्या घरात बाहुल्यांना जागा आहे, माणसांना नाही." ताई, हे मला लागलं. मागच्या खेपेला फुंदीबाई कोंबडीच्या कपांचा डबा फळीवरून तुझ्या पोटावर पडला, कबूल. पण त्यातला एकही कप फुटला नाही, हे मात्र तू कुणालाच सांगत नाहीस.

मागची खोली रिकामी का करता येणार नाही, ते आता शांतपणे वाच. आपण लहानपणी टीव्हीसमोर मांडी ठोकून जो बाहुल्यांचा कार्यक्रम बघायचो, त्यातल्या सगळ्या मंडळींचे कप, कंपासपेट्या, चादरी, साबण (न वापरलेले, मी वापरत नाही, त्यांचा वास घेतो) त्या खोलीत आहेत. चष्म्याचं दुकान सांभाळून माणसाने एवढं जमवलं, याचं बाहेर कौतुक होतं. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे हातात घालायचे टोपणराव, मूळ खोक्यात, सील न फोडलेले. आमच्या संग्राहक मंडळाचा नियमच आहे : खोकं उघडलं की आतली वस्तू नुसतं खेळणं होते. मी ते खोकं लग्नाआधी घेतलं आणि आजवर आत डोकावलोसुद्धा नाही. संयम म्हणतात तो हाच.

तर मंडळाच्या बैठकीत आमच्या हेडक्लार्कने (निवृत्त झाला, पण खोडी काढायचं काम चालू आहे) माझं खोकं कानाशी हलवलं आणि म्हणाला, हे रिकामं वाटतंय. आता उघडून दाखवावं तर टोपणराव खेळणं होणार, न उघडावं तर मी खोटा पडणार. सुदैवाने आमचा एक सभासद एक्स-रे काढतो. त्याने खोकं टेबलावर उताणं निजवलं, नावाच्या जागी टोपणराव आणि तक्रारीच्या जागी 'पोकळ वाटणे' असं लिहिलं (त्याचा तो शिरस्ता आहे), आणि फोटो काढला. त्यात काय दिसावं? बटणांचे दोन डोळे, जबड्यातली स्प्रिंग, आणि पोटावर आडवा एक चमचा!

मंडळात खळबळ उडाली. चमच्यासह टोपणराव कुणी ऐकलेसुद्धा नव्हते. अध्यक्ष म्हणाले, असा नग दुसरा नसणार. हेडक्लार्कचा चेहरा पडला आणि तो आपली चादर अधिक कंपासपेटी देऊन खोकं मागू लागला. मी सगळ्यांना घरी बोलावलं, एक्स-रे खिडकीच्या काचेवर चिकटवला आणि चमच्याच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलो. भाषण ऐन रंगात आलं असताना तुझी भावजय चहाचा ट्रे घेऊन आली, काचेकडे बघून थबकली आणि म्हणाली, "अगबाई, इथे होता होय तो चमचा!"

ताई, आमची कन्या लहानपणी घास तोंडात धरून बसायची, हे तुला ठाऊक आहेच. मी दुकानात गेलो की तुझी भावजय टोपणरावांना बाहेर काढायची. ते जेवायला लागले की पोरगी जेवायची. जेवण झालं की त्यांचं तोंड पुसून ते पुन्हा खोक्यात. वरचं सील शाबूत, कारण खोकं खालून उघडायचं! आम्ही मंडळी इतकी वर्षं भिंगं लावून वरचंच सील तपासत होतो. खोकं उलटं करून कुणी बघितलंच नाही. डिंकही माझ्याच दुकानातला.

मंडळी चहा न घेता उठली. मी मात्र डगमगलो नाही. टोपणरावांना बाहेर काढलं. जबडा ढिला झालाय, ओठांवर दुधाचे डाग आहेत. पण एक सबंध पोरगी जेवू घातलेले टोपणराव जगात दुसऱ्या कुणाकडे नाहीत, हे मी अध्यक्षांना दारातूनच ठणकावून सांगितलं. सारांश, संग्रहाची शान वाढली आहे आणि खोलीतली एक टाचणीही हलणार नाही. प्रकृतीला जप. जिन्याचा कठडा धरून उतर.

तुझा
भाऊ

ता. क. तुझी भावजय म्हणते, खोक्याला किटलीची वाफ देऊन पहिल्यांदा ते खालून उघडलं तू. पोरगी तापात काही खात नव्हती, आणि तू मुक्कामाला होतीस. ताई, याचा खुलासा व्हावा.

ता. क. काल कन्या नोकरीवरून आली. मी टोपणरावांना हातात घालून अगदी कार्यक्रमातल्यासारखा आवाज काढला. ती म्हणाली, "बाबा, हा नव्हे. आमचे टोपणराव आत्यासारखे बोलायचे." मग तिला तुझी फार आठवण आली. मलाही आली. मला नंतर जेवण गेलं नाही.

ता. क. वर खोलीबद्दल जे लिहिलंय ते पत्राच्या सुरुवातीला ठरलं होतं. आता खोली रिकामी आहे. कप, चादरी, साबण सगळं मंडळाला दिलं. हेडक्लार्क हातगाडी घेऊन आला होता आणि जाताना रडला. खाटेवरची फळी मी स्वतः काढली. आमच्याकडे जिना नाही, तुला ठाऊकच आहे. रविवारी गाडी घेऊन येतो. तुझ्या मुलाला कळवलंय, तेव्हा कारणं सांगू नकोस. सामान फार नको. आवाज तेवढा घेऊन ये, चमचा सापडलाय.