बाळंतीण म्हणून माझी नेमणूक

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच वाकलो आहे असं समज.) तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या डोक्यावर सदा कपाटं सरकवणारा तो भाडेकरू, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे मी, ही, लेक आणि तिचं बाळ असे चौघे मजेत आहोत, म्हणजे चौघांपैकी कोणीही मजेत नाही. लेक बाळंत होऊन आमच्याकडे आली, हे तुला ठाऊकच आहे. बाळ अंगावर नीट पीत नाही, तोंड लावतं आणि रडतं. सोमवारी डॉक्टर पुन्हा वजन करणार आहेत, वाढलं नसेल तर डब्याचं दूध सुरू. लेकीला ते नकोय, पण ती तसं म्हणत नाही. ती काहीच म्हणत नाही. आणि तू रविवारी येते आहेस. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाच. माझ्या डोक्यात ते सगळं एका वेळी मावेनासं झालंय.

आमच्या प्रशिक्षण केंद्रात सध्या डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांवरच्या बायका शिकायला आल्या आहेत. आपापल्या वस्तीतल्या पाजणाऱ्या आयांना त्यांनी आधार द्यायचा, असं हे काम. आजवर ते शहरातून जीपने जाणारे लोक करायचे. म्हणजे जायचे, रागवायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. आता वस्तीतलीच बाई, वस्तीच्याच भाषेत बोलणार. कल्पना मला एकदम पटली. (मला कल्पना लगेच पटतात. त्या माझ्यापर्यंत चालत आल्या की पंचाईत होते.) मी पडलो भांडार सांभाळणारा. माझं काम कापडी बाळं आणि लोकरीचे विणलेले स्तन वर्गात नेऊन द्यायचं. (होय, विणलेले. कपाटात मी ते हातमोज्यांच्या मागे ठेवतो, कारण मागे एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यातला एक टोपी म्हणून डोक्यावर घालून पाहिला होता.)

तर सराव असा, की एकीने आई व्हायचं आणि दुसरीने कार्यकर्ती. पण या सगळ्या लेकुरवाळ्या. जी आई व्हायची ती प्रश्न यायच्या आत उत्तर द्यायची, मग दोघी आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटायच्या आणि अख्खा वर्ग खिदळायचा. शेवटी शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, असं कोणीतरी द्या मला!" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एवढं एकमत त्या इमारतीत मी आजवर पाहिलेलं नाही.

अशा रीतीने मी कापडी बाळ मांडीवर घेऊन बाळंतीण झालो. माझ्या वाट्याला आली ती वर्गातली सर्वांत घाबरट बाई. तिला बाकीच्या 'हळूबाई' म्हणतात, कारण तिचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागतं. नियम असे, की आईच्या बरोबरीला बसायचं, विचारायचं आणि मग गप्प राहायचं. सल्ला द्यायचा नाही. 'असं केलं पाहिजे', 'तसं केलं पाहिजे' अजिबात नाही. (तो शब्द तोंडातून गेला तर पुन्हा दारापासून सुरुवात. धास्तीने सकाळभर कोणी पाणीसुद्धा मागितलं नाही.) हळूबाईने विचारलं, "कसं चाललंय?" आणि गप्प बसली. ताई, कचेरीतल्या गप्प बसण्याला शेवट असतो, साहेब पान उलटतात. हिच्या गप्प बसण्याला शेवटच नव्हता. शेवटी घरी जे चाललंय तेच मी सांगत सुटलो. बाळ पीत नाही. आई डोकं धरून त्याला छातीशी दाबते. शेजारीण खुर्ची ओढून बघायला बसते. आणि वडील दारात उभे राहून वर्तमानपत्रातले उपाय मोठ्यांदा वाचतात.

"कोणाचे वडील? बाळाचे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही हो, माझे!" मी तावातावाने म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं की ते वडील मीच. तोवर वर्ग माझ्या वडिलांवर भलताच चिडला होता, आणि मीही त्यांच्या बाजूने बोलायच्या मनःस्थितीत नव्हतो.

इथपर्यंत ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशीचा पाठ होता, आपापल्या आईकडे जाऊन विचारपूस. बाकीच्यांनी शेजारच्या प्रसूतिगृहातल्या खऱ्या आया गाठल्या. हळूबाईच्या समजुतीप्रमाणे तिची आई मीच. ती पत्ता विचारत आमच्या घरी हजर! दार हिने उघडलं. हळूबाई म्हणाली, "ह्यांना बघायला आले. बाळ घेतंय का ह्यांच्याकडे?" हिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ह्यांना कपातला चहा न सांडता पिता येत नाही, हे कोणाला पाजणार?"

खरी बाळंतीण आतल्या खोलीत आहे, असं मी घाईघाईने सांगितलं. हळूबाई आत गेली, घाबरली, पहिल्याच वाक्यात 'पाहिजे' म्हणाली, जीभ चावली, बाहेर आली आणि नियमाप्रमाणे पुन्हा दारातून आत गेली. लेक हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. मग दार लागलं. आम्ही दोघांनी दाराला कान लावले. (शेजारीण उशिरा आली, तिला जागा मिळाली नाही.) मग लेक बोलायला लागली ती थांबेना. एवढंच कळलं, "सगळ्यांसमोर फळ्यावर गणित सोडवायला उभं केल्यासारखं वाटतं. आणि ते रोज चुकतं."

हळूबाई बाहेर आली. 'आत जाऊ नका' म्हणायची तिला सोय नव्हती, म्हणून म्हणाली, "आत कोणी गेलं नाही तर बरं वाटेल म्हणते." तू काय केलंस, मी विचारलं. काही नाही म्हणाली. आडवं होऊन पाजावं असं लेकीलाच सुचलं, आपण फक्त उशी सरकवली. मग शिकवलं काय? कोणी? कोणाला? मी विचार करकरून थकलो. आणि जाताना चपला घालता घालता ती मला विचारते, "तुमचं कसं चाललंय?" तिच्या लेखी आई मीच ना! बरं चाललंय म्हणालो. ती गप्प उभी राहिली. मी दार लावून घेतलं.

तेव्हापासून आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून असतो. आतून गिळल्याचा आवाज येतो. कधी येत नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी येताना डब्याचं दूध आणू नकोस, आणि 'आमच्या वेळी'ने सुरू होणारी वाक्यंही. खरं सांगायचं तर तूच येऊ नकोस. (एवढं लिहायला मला वरचा सगळा कागद लागला.)

पुन्हा ता. क. हिने वाचलं. म्हणते, वन्सं जन्मभर बोलणार नाहीत. तेव्हा ये, पण आमच्याबरोबर स्वयंपाकघरात बस.

शेवटचं ता. क. लेकीने पत्र मागून घेतलं. म्हणते, आत्याला येऊ दे. आत्या बाळाच्या तोंडाकडे टक लावून बसत नाही, सरळ मला ओरडते आणि झोपून जाते, ते मला चालतं. दाराला कान लावून बसलेली दोन माणसं चालत नाहीत. तेव्हा ताई, तू जरूर ये, आणि भाऊजींना सांग की आम्ही दोघं तिकडे राहायला येतो आहोत. सोमवारचं वजन मात्र तूच फोन करून कळव. आम्ही विचारलेलं तिला आवडेलच असं नाही.