एका झाडाला एकच फळ

४ मार्च
ताईचा गुडघा बदलला आणि माझा पत्ता बदलला. तिच्या घरी मुक्काम, तिच्या टोमॅटोंची चाकरी. भाच्याने फोनवर आठवण करून दिली — "स्पर्धेत एकदा पोस्टमास्तरांना हरवलं की आई घर विकून आमच्याकडे येणार. तिनंच शब्द दिलाय. मामा, या वर्षी जमवच." पोस्टमास्तर म्हणजे शेजारचे, निवृत्त. सर्वांत जड टोमॅटोचा करंडक वर्षानुवर्षं त्यांच्याच कपाटात.

बाईचं घर टोमॅटोच्या वजनावर! माझ्या वर्तमानपत्रातल्या सदराला आयता विषय. चिमटे काढायचे आणि घरी जायचं.

११ मार्च
ताई पलंगावर बसून खिडकीतून हुकूम सोडते. आज एक बेढब फूल दाखवलं. तीन-चार फुलं एकमेकांत घुसून एक झालेली, निव्वळ चेंगराचेंगरी.

"हेच ठेव. बाकी सगळी खुड."

"चांगली दिसतायत की ती."

"तुला काय त्यांची लग्नं लावायचीत?"

खुडली. मग म्हणाली, बॅटरीचा टूथब्रश त्या फुलाच्या देठाला लाव. थरथरीने पराग झडतो म्हणे. एरवी हे काम भुंगे करतात. या वयात मी भुंगा झालो! पिवळी धूळ खरंच उडाली. पुन्हा लावून पाहिला. गरज नव्हती.

१२ मार्च
सदर लिहायला बसलो. एक ओळ झाली नाही. उठून फूल बघून आलो.

२ एप्रिल
फळ मुठीहून मोठं. सगळ्या नातेवाइकांची नाकं एकत्र यावीत तसं रूप. देठ तुटू नये म्हणून माझ्या जुन्या बनियनची झोळी करून त्यात ठेवलं.

पोस्टमास्तर कुंपणावरून म्हणाले, "लेखक, पाणी जपून. एकदम जास्त झालं की साल फाटते. फाटलेलं फळ काट्यावरसुद्धा घेत नाहीत."

प्रतिस्पर्ध्याला असं कोण सांगतं? तसं विचारलंही.

"बाई स्पर्धेत नसल्या तर मी पिकवू कुणासाठी?"

१९ एप्रिल
सुतळीने घेर मोजायचा नाद लागलाय. सकाळची गाठ संध्याकाळी पुरत नाही. हे एवढं आणतं कुठून? नुसतं पाणी आणि ऊन खाऊन माझं तर काहीच वाढलं नाही, पोट सोडून.

ताई आता काठी धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. तिला सुतळी दाखवली.

"पोस्टमास्तरांच्या फळापेक्षा मोठं?"

"बरंच. डोकावून बघितलंय मी."

"अरे वा," म्हणाली. चहा तसाच राहिला.

२३ एप्रिल
भाच्याने घराला गिऱ्हाईक बघून ठेवलंय. स्वारी खुशीत. ताईने विचारलं, "त्याच्या इमारतीत माती असते का रे?"

म्हटलं, गॅलरीत कुंड्या ठेवू देत असतील.

"कुंड्या," म्हणाली.

२६ एप्रिल
उद्या वजन. सकाळी गेलो तर फळ देठापासून खालपर्यंत फाटलेलं. आतल्या बिया दिसतात. हात लावायचं धाडस होईना. माझ्या फळाला — हो, माझ्याच — असं बघवेना.

मी काल थेंबभरही पाणी घातलं नव्हतं. पाऊस नाही. आणि वाफ्यात घोटाभर चिखल. रबरी नळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर आलेली, तिचं दुसरं टोक आत, ओट्याच्या नळाला.

ताई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. झोपेत घोरणारी बाई. आज घोरण्याचा आवाजच नाही.

नळी गुंडाळून जागेवर ठेवली.

२७ एप्रिल
भाच्याला फोन केला. म्हटलं, पाणी माझ्याच हातून जास्त झालं. "मामा, एक काम सांगितलं होतं तुला!" ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर आतून ताई म्हणाली, "त्याला सांग, पुढच्या वर्षी नक्की."