जिन्याखालचा कॉम्प्युटर

४ मार्च, सोमवार

टीव्ही म्हणतो, ‘एकही डिव्हाइस सापडलं नाही.’ कॉम्प्युटर म्हणतो, ‘शेअरिंग चालू आहे.’ दोघांपैकी एक जण थापा मारतोय. कोण, ते मी शोधून काढणारच! उभा जन्म दवाखान्यात एक्स-रे काढले. ‘काही नाही हो, नुसता मुरगळलाय’ म्हणणाऱ्यांना त्यांचीच मोडकी हाडं दाखवली. हा टीव्ही कोण लागून गेलाय?

कारण असं झालं — ह्यांना बोलायला शिकवायला येतात त्या बाई (मी त्यांना मनात वाचाताई म्हणते) आज म्हणाल्या, ‘काकांचा स्वतः बोलतानाचा व्हिडिओ आहे का? मोठ्या पडद्यावर रोज दाखवा. ओठ कसे हलतात ते त्यांना दिसू दे. आता मेंदू शिकायला तयार आहे, हे दिवस वाया घालवू नका.’ अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांचा हात परत आला, पाय परत आला. बोलणं काही येईना. ‘हं’ आणि ‘अं’ — एवढंच. दिवसभर बडबडणारा माणूस!

व्हिडिओ आहे का म्हणे! ढिगानं आहेत. दर रविवारी हे टेबलामागे बसून ‘घरच्या बातम्या’ वाचायचे. ‘आजची ठळक बातमी — वहिनींचा हरवलेला चष्मा वहिनींच्या डोक्यावर सापडला.’ आणि शेवटी हवामान सांगायला मोठे भाऊजी, ह्यांचे थोरले भाऊ. तेव्हा वरचा मजला आणि खालचा मजला एकच घर होतं. आता भाऊजी वर, आम्ही खाली.

तर ते सगळे व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये, कॉम्प्युटर जिन्याखाली, आणि टीव्ही मागच्या खोलीत ह्यांच्या पलंगासमोर. फोनवर दाखवले तर बघत नाहीत, तोंड फिरवतात. टीव्हीच्या मागचं पेनड्राइव्हचं भोक नातवानं चमचा घालून मोडलंय. आणि कॉम्प्युटर उचलून मागे न्यावा, तर ते नावच नको! जिन्याखालच्या त्या हातभर जागेवरून दोन भावांचं बोलणं तुटलं. भाऊजींना तिथे सायकल ठेवायची होती. ह्यांनी एका सकाळी टेबल आणून त्यावर कॉम्प्युटर मांडला, म्हणाले, ‘आता बघू कोण हलवतो!’ आजही मी नुसती वायर ओढली तरी पलंगावरून ‘अं! अं!’ सुरू होतं. म्हणजे वायफायवरूनच पाठवायला हवं.

५ मार्च

लेकीला फोन. ह्यांचं दुखणं झालं तेव्हा ती आली होती, तेव्हाच तिनं सगळे व्हिडिओ एका फोल्डरमध्ये घालून शेअरिंग चालू केलं होतं. टीव्हीवर लावून बघायच्या आत तिची सुट्टी संपली.

‘आई, सगळं बंद करून परत चालू केलंस?’ — केलं. ‘टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर हवेत हं. नाव वाचून बघ.’ — वाचलं. दोन्हीकडे आपल्या घराचंच नाव. ‘मग फायरवॉल असेल.’ आता हे फायरवॉल म्हणजे दारावरचा रखवालदार. त्यालाही सांगितलं, बाबा रे, हा टीव्ही घरचाच आहे, सोड त्याला आत. सोडला म्हणतो. टीव्हीचं तेच — सापडलं नाही!

बरं. मी पण इथेच आहे.

६ मार्च

आज फोल्डरची परवानगी तपासली. ‘सर्वांना’ असं होतं, ते बरोबर आहे. फोल्डरचं नाव साधं केलं. टीव्हीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उतरवून घेतली. तिला इतका वेळ लागला की तेवढ्यात चादरी धुऊन वाळत घातल्या. फरक शून्य.

कॉम्प्युटर म्हातारा झालाय हे मात्र खरं. रोज सकाळी मी स्वयंपाकघरात असते, तेव्हा कोणी हात लावलेला नसताना आतल्या आत घरघरत असतो. आणि हे त्याच वेळी वर पंख्याकडे टक लावून पडलेले. पंखा बंद असला तरी! मी म्हटलं, ‘काय बघताय? कोळी आहे का?’ बोट वर केलं. ‘अं.’ मी स्टूल घेऊन चढले. कोळीबिळी काही नाही. परत पुसून घेतला पंखा.

७ मार्च, गुरुवार

वाचाताईंनी चित्रांची कार्डं आणली होती. कप, चावी, मासा. ह्यांनी कप बघितला, ओठ जुळवले, नुसती हवा बाहेर आली. तीनदा. मग सगळी कार्डं भिंतीवर फेकली. वाचाताई शांतपणे वेचत होत्या. जाताना दाराशी मला म्हणाल्या, ‘कार्डांना ते कंटाळलेत. तो व्हिडिओ बघा ना जमतोय का.’

त्या गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. मनसोक्त. मग तोंड धुतलं आणि टीव्हीची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. माझा नवरा मुका होऊन बसणार नाही. मी बसू देणार नाही!

९ मार्च

वायफाय कंपनीचा माणूस आला. शर्ट कडक इस्त्रीचा. आमचं वायफायचं यंत्र बघितलं, ‘रेंज फुल आहे, मॅडम.’ टीव्ही बघितला, ‘जुना झाला, मॅडम, नवीन घ्या.’ म्हटलं, ‘जुनी तर मी पण झालेय, माझंही नवीन मिळतं का?’ हसला. पाणी प्यायला आणि गेला. नाचता येईना, अंगण वाकडं!

११ मार्च, सोमवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

सकाळी भांडी विसळताना आठवलं, आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी काय शिकवलं होतं. एका फोटोवर कधी विश्वास ठेवायचा नाही. एक समोरून, एक बाजूनं. समोरून धड दिसणारं हाड बाजूनं पाहिलं तर दुभंगलेलं असतं. आणि मी इतके दिवस काय करत होते? टीव्हीला विचारत होते आणि कॉम्प्युटरला विचारत होते. दोघांना जोडणाऱ्या वायफायच्या यंत्राला विचारलंच नव्हतं!

ओल्या हातानंच फोन घेतला. त्या यंत्राच्या आत शिरता येतं, खालच्या चिठ्ठीवर पासवर्ड असतो. आत यादी — आत्ता कोण कोण जोडलेलं आहे. माझा फोन. ह्यांचा फोन. टीव्ही. बस्स.

कॉम्प्युटर नाहीच!

मग त्या मेल्याला इंटरनेट येतंय कुठून? मी जिन्याखाली उभी राहिले आणि वर बघितलं. डोक्यावर जिना, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला, भिंतीपलीकडे, भाऊजींचं वायफायचं यंत्र. आपलं यंत्र कुठे? पार पुढच्या खोलीत, दोन भिंती ओलांडून. जवळचं सोडून लांबचं कोण धरेल? कॉम्प्युटर खुशाल वरच्यांचं वायफाय घेऊन बसलाय!

पण नाव तर आपलंच होतं की. होतं, कारण वेगळं झाल्यावर आपलं कनेक्शन घेतलं, तेव्हा बसवणाऱ्यानं विचारलं, ‘नाव काय देऊ?’ हे म्हणाले, ‘घराचं! घराचं नाव काय एकट्या दादाचं आहे?’ वरच्या वायफायलाही तेच नाव. आणि पासवर्ड मी जुनाच ठेवला, म्हटलं फोनमध्ये परत कोण घालत बसणार. घराची वाटणी झाली, जिन्याची झाली, पण नाव दोघांनी सोडलं नाही. आता नाव एक, किल्ली एक, घरं दोन! बिचाऱ्या कॉम्प्युटरला काय कळणार आपण कुठल्या भावाकडे आहोत?

काखेत कळसा, गावाला वळसा. पण शोधला मीच.

१२ मार्च

ह्यांना विचारून आपल्या वायफायचं नाव बदललं. विचारून म्हणजे, मी म्हटलं, ‘नाव बदलते, नाहीतर तुमचा आवाज इथे पोचत नाही.’ बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग मान हलवली. नवं नाव दिलं, ‘घरच्या बातम्या’. कॉम्प्युटरला जुनं नाव विसरायला लावलं. टीव्हीत रिमोटनं एकेक अक्षर टाकताना अंगठा दुखला. मग कॉम्प्युटर यादीत दिसला. फोल्डर उघडला.

आणि पडद्यावर हे! काळ्या केसांचे, टेबलामागे, गळ्यात कुणाचा तरी लग्नातला टाय. ‘नमस्कार. घरच्या बातम्या.’

पलंगावरचे हे बघत होते. मी सवयीनं म्हणून गेले, ‘श्वास रोखा, हलू नका.’ दवाखान्यात एक्स-रे काढण्याआधी म्हणायचे तसंच. पण श्वास मीच रोखला होता. ओठ हलले. पडद्यावरचे हलत होते तसे. आवाज नाही आला. पण हवा नव्हती ती, आकार होता. ‘न’चा!

१३ मार्च

‘न-म.’ दोन अक्षरं. ‘न-म, न-म.’ सगळी सकाळ.

टीव्ही बंद असताना कॉम्प्युटर आपोआप घरघरायचा, ते पण थांबलं. माझ्या हातालाच गुण आहे.

१४ मार्च, गुरुवार

दुपारी दार वाजलं. बघते तर जाऊबाई! मोठ्या भाऊजींच्या पत्नी. जागेच्या भांडणानंतर आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आजही नाही ओलांडला, बाहेरच उभ्या. पदराशी चाळा.

‘तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय का गं?’

म्हटलं, नाही, का?

‘नाही… आमच्या टीव्हीवर दिसायचा. परवापासून दिसत नाही.’

मला आधी राग आला. आमचं फोल्डर, आमचे व्हिडिओ, आणि हे लोक फुकटात — मग त्यांनी पुढचं सांगितलं. हे आजारी पडले, तेव्हा भाऊजी दोनदा जिन्याच्या अर्ध्यापर्यंत उतरले आणि परत गेले. मग एक दिवस टीव्हीच्या यादीत हे फोल्डर दिसलं. तेव्हापासून रोज सकाळी चहा घेतात आणि घरच्या बातम्या लावतात. ‘कानानं कमी ऐकू येतं ना त्यांना, आवाज मोठा असतो. तुम्हाला त्रास तर नाही झाला? परवापासून चहाच घेत नाहीत. म्हणतात, बारक्यानं बंद केलं. बारक्याला कळलं मी बघतो ते, म्हणून बंद केलं.’

बारक्या म्हणजे हे. अख्ख्या जगात भाऊजीच तसं म्हणतात.

मी दारात उभी, आणि आतून ह्यांचं ‘अं, अं’. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कोळी नव्हता. पंखा नव्हता. कॉम्प्युटर घरघरायचा तोही वरच्या टीव्हीला व्हिडिओ पाठवताना. हे रोज सकाळी वरून येणारा स्वतःचा आवाज ऐकत पडून असायचे! दादा रोज आपल्या बातम्या लावतो, हे त्यांना सगळ्यात आधी कळलं होतं. आणि मी बाई स्टुलावर चढून पंखा पुसत होते!

जाऊबाईंना म्हटलं, ‘बिघडला नाहीये. आता फक्त खालीच दिसतो. बघायचं असेल तर खाली यायला सांगा. वर पाठवायची सोय होत नाही.’

सोय दोन मिनिटांत झाली असती. मुद्दाम नाही केली.

१५ मार्च

नाही आले.

१७ मार्च, रविवार

आले! हातात स्वतःचा चहाचा कप. आमचा चहा नको, एवढा ताठा अजून आहे. ह्यांच्याकडे न बघता खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, ‘लाव.’

लावलं. बातम्या झाल्या, हवामान आलं. पडद्यावरचे भाऊजी काठीनं भिंत दाखवत म्हणाले, ‘वरच्या मजल्यावर दिवसभर…’ आणि खुर्चीतल्या भाऊजींनी तेच म्हटलं, ‘वरच्या मजल्यावर दिवसभर…’ आणि तिथेच अडले. 

पलंगावरून आलं, ‘ढग.’

स्पष्ट! शेवटच्या ‘ग’सकट! भाऊजींचा कप कलंडला, चादर भिजली. भिजू दे.

२१ मार्च

रोज येतात. वाचाताई म्हणाल्या, आता माझं काम तुमचे दीरच करतात. चावी, मासा, कप सगळं यायला लागलंय. नीट नाही, तुटक. पण येतंय.

२ एप्रिल

आज टीव्ही बंद होता आणि दोघं कडाकडा भांडले! भाऊजी म्हणाले, ‘ए बारक्या, काम झालं ना तुझं? मग हलव तो कॉम्प्युटर, मला सायकल ठेवायची आहे.’ आणि हे उठून बसले, लालबुंद झाले, ‘नाही! दादा! जागा… माझी!’ भाऊजी ओरडले, ‘परत बोल!’ हे परत बोलले. आवाज ऐकून जाऊबाई भांडण सोडवायला धावत खाली आल्या. मी त्यांना दारातच धरलं. म्हटलं, ‘श्वास रोखा. हलू नका.’