टाइलची पाठ

सोमवार, ३ फेब्रुवारी

स्वयंपाकघराची भिंत सुरू. सहा मोठ्या पोर्सलीनच्या टाइल, आणि सहाही टाइलांतून एकच करडी शीर नदीसारखी वाहत जाते. जादा टाइल एकही नाही. घरमालक साहेब म्हणाले, "मोजून मागवल्यात, वाया घालवायच्या कशाला?" तुटली तर? "तुटणार नाही. मी व्हिडिओ पाहिलाय."

वायरिंगला बायकोचा धाकटा भाऊ आहे. "अहो, सांभाळून घ्या हं त्याला," असं बायकोने चार वेळा बजावलं. नीट झालं तर वरच्या मजल्याचं कामही आम्हा दोघांनाच! मेहुणा शीळ घालत खिळे ठोकतो, देवाला हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत. ग्राइंडर सुरू करण्याआधी मी डोळे मिटतो तर म्हणतो, "दाजी, देव कापून देणार असेल तर मोजपट्टी कशाला आणलीत?"

मंगळवार, ४

न्हाणीघरातल्या साध्या सिरॅमिकला तासाभरात तीन भोकं पाडली. ती बिचारी मऊ. पोर्सलीन म्हणजे मानी पाहुणा — घाईने दाबलं की चीर! आधी आखलेल्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत बारीक बोअर, पाणी सोडत सोडत. मग बोअर ते बोअर पातं चालवायचं. कोपरा टोकदार राहिला की चीर तिथूनच पळते.

हे सगळं साहेबांनी मला समजावून सांगितलं. मी अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. मान डोलावली. विनय अंगी बाणवावा लागतो, आणि तो मला छान जमतो असं वाटलं.

बुधवार, ५

चार टाइल बसल्या. शीर शिरेला जुळली. मनातल्या मनात स्वतःलाच नमस्कार केला.

गुरुवार, ६

पाचवी टाइल. हिच्यातच मोठ्या सॉकेटचं भोक. साहेब खुर्ची टाकून समोर बसले. "पेन्सिल पुढून नको, चेहरा खराब होतो. पाठीवर आखा. व्हिडिओत तसंच करतात." बरं म्हटलं. टाइल पालथी घातली, डाव्या कडेपासून बारा सेंटिमीटर मोजले, आखलं, कापलं. कापताना या वहीत काय लिहायचं त्याचीच जुळवाजुळव मनात चालली होती — साहेब, खुर्ची, व्हिडिओ...

भोक देखणं झालं. कुठे टवका नाही.

भिंतीला टेकवून पाहिली. मेहुण्याने भिंतीत बसवलेला सॉकेटचा डबा डावीकडे, भोक उजवीकडे!

पालथ्या टाइलवर डावं ते उजवं होतं. शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात हे सांगतात. मी स्वतः कितीदा सांगितलंय! फिरवून लावावी तर शीर तुटते आणि भोक वर जातं.

साहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "डबाच चुकीच्या जागी बसवला ना तुमच्या मेहुण्याने? मला वाटलंच होतं. सारखी शीळ!"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पातं पुसत बसलो.

शुक्रवार, ७

साहेबांनी मेहुण्याला माझ्यादेखत झाडलं. "वरच्या मजल्याला दुसरा बघतो मी!" तो माझ्याकडे पाहत होता. मी बादलीतल्या पाण्याकडे.

घरी बायकोने विचारलं, "नीट करतोय ना हो तो?" म्हटलं, करतोय. जप करायला बसलो, पण माळ मण्यावरून पुढे सरकेना. उठलो.

शनिवार, ८

कामावर गेलो तर भिंतीत नवा खड्डा. डबा बरोबर माझ्या भोकासमोर आलाय, वायरची नळी लांबवलीय, सिमेंट ओलं आहे. जुना खड्डा तेवढा भरायचा राहिलाय. मेहुणा छिन्नी, हातोडी पिशवीत भरत होता.

"साहेबांना सांगितलंय, डबा माझ्याकडूनच चुकला."

का रे?

"दाजी, भिंत पुन्हा फोडता येते. ती टाइल पुन्हा कुठून आणणार होता?" मग हसून, "आणि ताईला कळलं असतं तर तुमची काही खैर नव्हती."

पिशवी खांद्याला लावून निघाला. शीळ जिन्यावरून खाली खाली गेली. माझ्या पाठीवर त्याने एकदा थापही मारली होती, लहान भावाला मारावी तशी.

आता टाइल चिकटवली की जुना खड्डा झाकला जाईल. कुणाला म्हणून दिसणार नाही. चिकटवायचा मसाला कालवायला घेतला, आणि तसाच ठेवला.

रविवार, ९

साहेबांना बोलावून टाइल पालथी करून दाखवली. पाठीवर माझीच पेन्सिल, डाव्या कडेपासून बारा.

टाइल सुलटी करून म्हणाले, "पण पुढून तर छान दिसतंय."

मेहुणा उद्यापासून पुन्हा कामावर, वरच्या मजल्यावरही. वरच्या मजल्याच्या टाइलना साहेब दुसरा मिस्त्री बघतायत.